तंबू कुठे बांधायचा, हे ताम्हिणी उतरताना कळलं

मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं मित्र सायकलवर पुण्याहून निघालो, ताम्हिणीतून माणगाव, मग दिवेआगर, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याच्या फेरीबोटीतून पलीकडे वेश्वीला असा बेत होता. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, भांडी, शिधा सगळं मिळून माझं सामान 16 किलो झालं आणि ते अख्खं मागच्या कॅरिअरवर, दोन बाजूंना पॅनिअर, म्हणजे लटकणाऱ्या बॅगा, आणि वर आडवा तंबू. मला तेव्हा वाटायचं हँडल मोकळं असलेलं बरं.

पिरंगुटच्या चढावर उभं राहून पेडल मारायला गेलो तर मागचा भाग डावीकडे उजवीकडे डोलायला लागला, म्हणून बसूनच चढलो. पण खरी भीती वाटली ती ताम्हिणी उतरताना. स्पीड चाळीसच्या आसपास, मित्र येतोय का बघायला मान वळवली आणि एक हात सुटला, तेवढ्यात हँडल थरथरायला लागलं, आधी बारीक आणि मग इतकं की रस्ताच दिसेना. अशा वेळी आपण हँडल आवळून धरतो आणि तिथेच चुकतं. हात सैल ठेवायचे, गुडघा मधल्या दांड्याला दाबायचा, सीटवरून किंचित उठायचं आणि ब्रेक हळूहळू लावायचा. मी थांबलो तेव्हा हातापायाला कंप सुटला होता.

असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. वजन मागे आणि उंच असलं की कॅरिअर आणि फ्रेम पीळ खातात, परत सुटतात, हे ठराविक स्पीडला वाढत जातं, आणि त्यात पुढच्या चाकावर भार कमी असला तर ते चाक सायकलला सरळ धरून ठेवत नाही. तंबू नुसता रबराने बांधलेला असेल तर अजून वाईट, कारण तो स्वतः वेगळाच हलत असतो.

घरी आल्यावर वजनकाटा घेतला. एक चाक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या पाटावर, मी भिंतीला बोट टेकवून सीटवर आणि बायको आकडा वाचायला. सगळं मागे असताना मागच्या चाकावर 66 किलो आणि पुढच्या चाकावर 32. मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला लो रायडर कॅरिअर बसवून घेतलं, म्हणजे पुढच्या बॅगा चाकाच्या मध्याजवळ, खाली लटकतात. तिथे दोन्हीकडे सारखंच वजन, स्टोव्ह भांडी एकीकडे आणि तांदूळ डाळ दुसरीकडे. आता मागे 58 आणि पुढे 40. सामान तेवढंच आहे, एक ग्रॅम कमी केलेला नाही!

फेब्रुवारीत तोच घाट परत उतरलो. सुरुवातीला हँडल जड वाटतं, गल्लीत वळताना तर फारच, पण पाच दहा किलोमीटरात हाताला सवय होते आणि उतारावर सायकल रुळावरून चालल्यासारखी जाते. वेश्वीहून केळशीकडे जाताना ते छोटे पण उभे चढ आहेत ना, तिथे आधी पुढचं चाक उचललं जाईल असं वाटायचं, तेही गेलं. पहिल्या ट्रिपला मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला होता, यावेळी काही नाही.

हँडलबारच्या बॅगेत मात्र जड काही टाकू नका, पॉवरबँक आणि कॅमेरा मी तिथून काढले, उंचावरचं वजन वळताना हँडल ओढतं. पुढच्या दोन बॅगांत फरक पडला तर सायकल एका बाजूला ओढते, त्यामुळे शिधा संपत आला की मी रोज संध्याकाळी परत वाटून घेतो. मागच्या पॅनिअर इतक्याच मागे सरकवा की टाच लागणार नाही, त्याहून मागे नको. आणि पाणी, एक लिटर म्हणजे सरळ एक किलो, तंबूच्या वर बाटल्या अडकवलेले लोक बघतो तेव्हा काळजी वाटते, फ्रेमच्या त्रिकोणात खाली ठेवा ना.

एप्रिलमध्ये वरंधा घाटाने उतरायचं ठरतंय, तेव्हा तंबूचे पोल वेगळे काढून दांड्याला बांधून बघणार आहे.