आमची वाटचाल: पत्र्याच्या आकड्यांचा बोर्ड

१९९६ साली नागपूरच्या सदरमध्ये आम्ही परकीय चलन बदलून देण्याचं दुकान टाकलं, तेव्हा बाबांनी एका पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड करून घेतला. डावीकडे चलनांची नावं, पुढे 'आम्ही घेतो' आणि 'आम्ही देतो' असे दोन रकाने, आणि खिळ्यांना अडकवायचे सुटे इंग्रजी आकडे. डॉलर तेव्हा पस्तीस रुपयांच्या आसपास होता. म्हणून ३ आणि ५ भरपूर करून घेतले, ८ आणि ९ मात्र चार-चारच. "तिथवर काही जात नाही," बाबा म्हणाले होते.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. हिशेबात पक्के, आणि डॉलरचा भाव वहीत उतरवून ठेवायचा त्यांना नादच होता. त्या वहीत ६ जून १९६६ या तारखेखाली लाल शाईची दुहेरी रेघ आहे. त्या दिवशी सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि ४.७६ चा डॉलर ७.५० चा झाला. खाली बाबांनी लिहिलंय: 'रुपया ३६.५ टक्के उतरला, डॉलर ५७.५ टक्के महागला. दोन्ही बरोबर. भांडू नये.' बँकेत त्या दिवशी कोणाशी तरी वाद झाला असावा.

या वहीचा मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो व्हॉट्सअॅपवाल्यांसाठी. "१९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता" हे महिन्यातून एकदा तरी काउंटरवर ऐकावं लागतं. पूर्वी वाद घालायचो. आता हिशेब लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता, एक रुपया म्हणजे १८ पेन्स. पौंडात २४० पेन्स, म्हणजे पौंड १३.३३ रुपयांना. आणि पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागाकार करा, डॉलर ३.३१ रुपयांना पडतो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड घसरला, रुपयाही सोबत गेला, म्हणून पौंड १३.३३ वरच राहिला आणि डॉलर ४.७६ वर गेला. १९६७ साली पौंड पुन्हा पडला, पण तेव्हा आपण गेलो नाही, म्हणून २१ रुपयांचा पौंड १८ ला आला. लोक वाचतात, मान डोलावतात, आणि बाहेर जाऊन तोच मेसेज पुढे पाठवतात. चालायचंच.

१९९१ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपया उतरवला, मार्च १९९३ पासून भाव बाजारावर सोडला. तो बाजार सुटला म्हणूनच आमच्यासारख्यांना दुकान टाकायची हिंमत झाली.

पहिला फटका लगेच बसला. दीक्षाभूमीला येणाऱ्या थायलंडच्या पाहुण्यांकडून घेतलेले बाट गल्ल्यात होते. २ जुलै १९९७ ला थायलंडने बाट मोकळा सोडला आणि सहा-सात महिन्यांत त्याची किंमत निम्म्यावर आली. रक्कम लहान होती, धडा मोठा: नोटा गल्ल्यात साठवायच्या नाहीत.

दुसरा फटका २०१३ चा. आपल्याकडून हजला विमान जातं, त्यामुळे रियालचं गिऱ्हाईक आमच्याकडे कायम. लोकांना वाटतं रियालचा भाव वेगळा चालतो. तसं नाही. सौदीने १९८६ पासून डॉलर ३.७५ रियालला बांधून ठेवलाय, म्हणजे रियाल विचारला तरी मी डॉलरच बघतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉलर ६१ च्या आसपास होता. मोमिनपुऱ्यातले एक चाचा आले, चाळीस जणांचा जत्था, प्रत्येकी ५०० रियाल. मी तोंडी १६.५० सांगून टाकलं. माल घेतला नाही, उतरेल म्हणून थांबलो. २८ ऑगस्टला डॉलर ६८.८० वर गेला. घाबरून दुसऱ्या दिवशी मुंबईहून १८.५० ने रियाल उचलले. शब्द दिला होता, १६.५० नेच दिले. चाळीस हजार गेले. आणि जत्था निघेपर्यंत, सप्टेंबरच्या शेवटी, डॉलर परत ६२-६३ वर! आणखी तीन आठवडे दम धरला असता तर हे नुकसान जवळजवळ भरून निघालं असतं. चाचा अजून येतात. आता म्हणतात, "बेटा, भाव लिख के दे, और नीचे लिख, सिर्फ आज."

रोजची कटकट मात्र वेगळीच. "काहून हो भाऊ, मोबाइलवर तं कमी भाव दाखवते, तुम्ही रुपया जास्त काहून मागता?" मोबाइलवरचा भाव बँका-बँकांमधल्या मोठ्या व्यवहारांचा. मला छापील नोटा मुंबईहून आणाव्या लागतात, विमा उतरवावा लागतो, आणि आमचं पोट त्या दोन रकान्यांमधल्या फरकावर आहे. जुन्या वर्षांचा भाव मागायला सीए लोक येतात, त्यांनाही मी वही दाखवत नाही. परदेशी कमाईच्या प्राप्तिकरासाठी स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे खात्यावर आलेल्या परकीय पैशांचा दर चालतो, माझा बोर्ड नाही.

करोनात मार्च २०२० पासून दोन वर्षं नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. डॉलर ७६ चा झाला, विचारायला कोणी नव्हतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, भाडं भरत राहिलो.

जुलै २०२२ मध्ये डॉलरने ८० ला हात लावला आणि आमच्याकडचे ८ संपले. चारातले दोन कधीच हरवले होते, दोन रियालच्या ओळीत अडकलेले. पेंटर केव्हाच गेला. मुलगा म्हणाला, एलईडी लावू. बाबांनी फळीवरून जुन्या ३ ची पेटी उतरवली, काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि तीनाची डावी बाजू बंद केली. ऑक्टोबरमध्ये ८३ लावायची वेळ आली तेव्हा दुसरा ३ तसाच अडकवला.