दिवाळीच्या आधी रंग? जुन्या घराला तरी नको

गणपती गेले की आमच्या कोल्हापुरातल्या पेठेत दरवर्षी एकच विषय, यंदा घराला रंग द्यायचा का नाही. नवरात्राची झाडलोट तोंडावर असते, दिवाळीला पाव्हणे येणार असतात, मग सगळे एकदमच पेंटरच्या मागं लागतात आणि पेंटर त्या महिन्यात फोन उचलत नाहीत, उचलला तरी रेट वाढवून सांगतात. नव्या फ्लॅटवाल्यांचं चालून जातंय ओ. पण ज्यांचं घर पेठेतलं, खाली दगड, वर वीट, चुन्याचा गिलावा आणि डोक्यावर कौलं, त्यांनी या गडबडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस झोडपतो आणि दीड-दोन फुटी भिंत ते पाणी पिऊन बसते. ऑक्टोबरात वरून हाताला कोरडी लागते पण आतली ओल गेलेली नसते. आमच्या पेंटरमामांनी माजघरातल्या भिंतीवर हात ठेवून सांगितलंच, "वहिनी, ही आतनं वली हाय, आत्ता रंग मारला तर पापडावाणी सुटंल बघा." आम्ही मग थेट जानेवारीअखेरचा अंबाबाईचा किरणोत्सव झाल्यावर काम काढायचं आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आत आवरायचं असं ठरवलं, त्याच्या पुढं वळीव कधी गाठंल सांगता येत नाही.

ओल आहे का बघायची एक सोपी युक्ती आहे, प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूनं टेप लावून घट्ट चिकटवायचा आणि एक दिवस तसाच सोडायचा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले की समजायचं ओल आतून येतेय. मग रंगाचा विचार सोडा, आधी ती कुठनं येतेय ते शोधा. फुटलेलं कौल, पन्हाळीतला कचरा, पलीकडच्या बाथरूमचा गळका पाइप, बाहेर भिंतीलगत साचणारं पाणी, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. पंचगंगेकडच्या ज्या घरात 2019 ला आणि परत 2021 ला पुराचं पाणी शिरलं, तिथं तर भिंतीच्या खालच्या भागात पांढरा खार फुटतो. तो कोरड्या ब्रशनं झाडायचा, धुवायचा नाही, कारण पाण्यात विरघळून तो परत आत मुरतो.

आता गिलावा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं भिंत ठोकत ठोकत जायचं, ठणठणीत आवाज आला तर बरं, ढबढब आला की तिथं गिलावा भिंतीपासनं सुटलाय. खडूनं गोल करून ठेवायचा म्हणजे गवंडी आला की वेगळं दाखवत बसायला नको. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, अशी तीन भोकं पाडली तर आत रंगाचे थरच थर निघाले, वर डिस्टेंपर, त्याखाली पिवळा, त्याखाली पोपटी आणि सगळ्यात आत नीळ घातलेला चुना. सासूबाई तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ कुठला रंग कुणाच्या लग्नाला दिलेला ते सांगत बसल्या, अर्धा दिवस त्यातच गेला.

भोकं बुजवताना सिमेंट वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो कारण झटपट होतं. पण चुन्याच्या भिंतीतली ओल गिलाव्यातून हळूहळू बाहेर जात असते, सिमेंटचा ठिगळ लावला की तिथं ती अडते आणि ठिगळाच्या कडेनं फुटते. चुन्याला चुनाच बरा, वेळ लागतो तर लागू दे. पुट्टी आणि प्लास्टिक पेंटचा जाड थर द्यायच्या आधी पण हाच विचार करायचा. ओलीच्या भिंतींना साधा चुनाच दिला तर काय बिघडतंय, दोन वर्षांनी परत एक हात मारायचा.

जुना डिस्टेंपर हाताला खडूसारखा लागत असेल तर ओल्या फडक्यानं पुसून, खरवडून काढावाच लागतो, नाहीतर नवा रंग भिंतीला नाही त्या भुकटीला चिकटतो. स्वैपाकघरात फोडणीचा तेलकट थर असतो, तिथं आधी धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी. चुलीचा काजळ असेल तर ऑइल प्रायमरशिवाय डाग वर येतोच.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. दारं, खिडक्या, चौकटीवरचा जुना ऑइल पेंट. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत 90 भागांच्या, आत ठेवायचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासनं लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगात किती असेल ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून पॉलिश पेपरनं कोरडं घासायचं नाही, मशीन तर लावायचंच नाही, पाणी मारून ओलं घासायचं, मास्क घालायचा, खाली प्लास्टिक पसरायचं आणि भुगा झाडायचा नाही, पुसून गोळा करायचा. लहान मुलं आणि पोटुशी बाई त्या दिवसांत दुसरीकडं पाठवायची. आमच्या पेंटरमामांना हे पटवायला जरा वेळ लागला, "आम्ही तीस वर्षं असंच घासतोय," म्हणाले. म्हटलं मामा, घासलं असंल, पण आता माझ्या घरात नातवंडं आहेत.

वायरिंगचं काम असेल तर ते रंगाच्या आधी, नाहीतर पेंटर गेल्यावर इलेक्ट्रिशियन भिंत फोडतो. आणि ठराव ठोकमध्ये करू नका. खरवडणं, गिलावा दुरुस्ती, प्रायमर, किती हात, माल कुणाचा, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं कागदावर लिहून घ्यायचं, भिंती स्वतः टेपनं मोजायच्या, लांबी-रुंदीची बेरीज दुप्पट करून उंचीनं गुणली की झालं, दारं-खिडक्या वजा. डब्यावर लिहिलेला लिटरचा हिशोब गुळगुळीत भिंतीचा असतो, जुनी भिंत जास्त पिते, एखादा डबा जादा धरा.

खोल्या एकेक करून घ्या. देवघर आणि स्वैपाकघर शेवटी, कारण तेवढं चालू असलं की घर चालतं.