माती, गादी, फरशी

कराटे भारी की कुस्ती, या प्रश्नावरून शाळेत असताना पोरांच्या खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांत ना कराटे दिसलं ना कुस्ती. दिसलं ते केस ओढणं आणि शर्टाची बटणं तुटणं. मोठेपणी हाच वाद लोक मोबाइलवर घालतात, एवढाच फरक. मी थोडं तालमीत, थोडं कराटेत, थोडं ज्युदोत असं तुकड्यातुकड्यानं शिकलो आणि कशातच पारंगत झालो नाही, त्यामुळे कोण कोणाला लोळवेल हे सांगायचा मला अधिकार नाही. पण लोळण्याचा अनुभव भरपूर आहे. त्यावरून माझं एक मत झालंय. यातलं काहीही समजून घ्यायचं असेल तर हातपाय नंतर बघावेत. आधी पायाखाली काय आहे ते बघावं.

कोल्हापुरात आमच्या पेठेत तालमीत जाणं ही ठरवून करायची गोष्ट नव्हती. आजोबा गेले, काका गेले, म्हणून मी गेलो. नव्या पोराला तिथं कुणी डाव शिकवत नाही. हातात खोरं देतात आणि हौद उकरायला लावतात. आदल्या दिवशी दबून बसलेली तांबडी माती खालवर करायची, ढेकळं फोडायची, पुन्हा सारखी करायची. तोवर खांदे भरून येतात आणि मग कळतं की जोर-बैठका अजून व्हायच्याच आहेत. त्या मातीत ताक, लिंबाचा रस, हळद, तेल असं बरंच काही मुरवलेलं असतं. तिचा आंबूस, गार वास घरी येऊन अंघोळ केली तरी नाकातून जात नाही. आई म्हणायची, हा पोरगा घरात शिरायच्या आधी त्याचा वास शिरतो.

लढताना अंग घामानं निसटायला लागलं की समोरच्याच्या खांद्यावर, मानेवर माती टाकायची. का, तर पकड बसावी म्हणून. तोही तेच करतो. ज्याला पाडायचं त्याच्याच अंगाला माती चोळायची आणि त्यानं चोळली तर मुकाट उभं राहायचं, हा शिष्टाचार मला पुढे दुसरीकडे कुठंच भेटला नाही.

पडायचं कसं, हे मात्र तालमीत वेगळं शिकवत नाहीत. मी पहिल्यांदा दणकन आपटलो आणि तसाच पडून राहिलो तेव्हा वस्ताद काठावरूनच म्हणाले, "आरं, माती हाय ती. खात न्हाई तुला. ऊठ." विषय संपला. भुसभुशीत उकरलेला हौद पडणाऱ्याला सांभाळून घेतो, त्यामुळे पडण्याचं शास्त्र करायची गरजच पडलेली नसावी. शास्त्र आहे ते पाठ न टेकण्याचं. जुन्या निकाली कुस्तीत गुणबिण नाहीत; पाठ लागली की खेळ खल्लास, आणि नाही लागली तर अंधार पडेपर्यंत झटत बसा. म्हणून पैलवान पोटावर पडेल, कुशीवर वळेल, मानेवर सगळा भार तोलून धरेल, पण पाठ देणार नाही. काही जण झोपतातही पालथे, असा माझा संशय आहे.

नववीत असताना कराटेची लाट आली आणि पेठेतली निम्मी पोरं पांढरे कपडे घालून हिंडायला लागली. आमचा क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. खाली शहाबादी फरशी. थंडीत ती तळव्यांना चावायची आणि जोरात वळलं की अंगठ्याखालचं कातडं सोलून निघायचं. या क्लासात कुणी पडत नसे. पडला असता तर डोकं फुटलं असतं. त्यामुळे सगळा भर उभं राहण्यावर. गुडघा किती वाकवायचा, मागचा पाय कुठल्या कोनात, टाच उचलायची नाही. "इची, नी, सान, शी" म्हणत रांगच्या रांग पुढे सरकायची आणि भिंत आली की वळायची.

हेआन शोदान हा आमचा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचालींची मालिका. जिथून सुरू केला तिथंच येऊन तो संपायला हवा. आमची अर्धी रांग संपता संपता स्टेजच्या पायऱ्यांपाशी पोहोचलेली असायची. सर हताशपणे खडूनं केलेल्या खुणांकडे बघायचे. पण कात्याची गंमत मला तेव्हाच कळली होती. समोर कुणी लागत नाही. तालमीत जोड आली नाही तर तुम्ही खोरं मारून घरी जाता. इथं एकटा माणूस अंगणाएवढ्या जागेत तासभर घाम काढू शकतो. कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजवणारे गिचिन फुनाकोशी हे ओकिनावातले शाळामास्तर. 1922 मध्ये तोक्योत त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. पण ते स्वतः शिकले ते रात्रीच्या अंधारात, गुरूच्या घराच्या अंगणात, तोच तोच काता पुन्हा पुन्हा करत. अंगणात शिकायची गोष्ट कमी जागेत मावते, हे ओघानंच आलं.

पट्ट्यांचं मात्र मला कधी पटलं नाही. पिवळा, नारिंगी, हिरवा, आणि प्रत्येक रंगाची परीक्षा फी वेगळी. तालमीत सगळ्यांना लंगोट सारखाच. कोण कितव्या इयत्तेत आहे हे हौदात उतरल्यावर समजतंच की.

पुण्यात कॉलेजला आलो आणि ज्युदोच्या वर्गात शिरलो तेव्हा माझा समज होता की कुस्ती येते, हेही येईल. सुरुवातीला सरांनी आम्हाला फक्त पडायला लावलं. मागे पडा. बाजूला पडा. पुढे कोलांटी घेऊन पडा. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, आणि पाठ टेकायच्या क्षणी हात पसरून गादीवर चापट. त्या चापटीनं धक्का हाताभर पसरतो आणि डोकं वाचतं. तर्क पटत होता, पाठ ऐकत नव्हती. इतकी वर्षं जी टेकवायची नाही असं अंगात भिनवलं होतं, ती आपण होऊन टेकवायची? मी दरवेळी शेवटच्या क्षणी वळून पालथा पडायचो आणि सर म्हणायचे, "कोल्हापूर, पाठीवर!"

गंमत म्हणजे ज्युदोतही पाठ लागणं ही हारच. नीट जोरात पाठीवर पाडलं की इप्पोन, लढत तिथंच संपली. पण हार कशी घ्यायची हे ते पहिल्या धड्यात शिकवतात. यात गादीचाही हात असावा. आजची ज्युदोची गादी म्हणजे रेक्झिनसारखं कापड चढवलेला चार-एक सेंटिमीटरचा घट्ट फोम. उकरलेल्या मातीची माया तिच्यात कुठून येणार? पूर्वी तर भाताच्या पेंढ्याच्या तातामी, म्हणजे जाड जपानी चटया होत्या. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योतल्या एइशोजी या देवळात बारा तातामींच्या खोलीत ज्युदो सुरू केलं, तेव्हा पोरांच्या आदळआपटीनं जमिनीखालच्या तुळया मोडायच्या आणि त्या दुरुस्त करत बसावं लागायचं. देवळातल्या पुजाऱ्याची मला फार दया येते.

डाव मात्र ओळखीचे निघाले. सरांनी सेओई नागे दाखवला आणि मी मनात म्हटलं, ही तर आपली धोबीपछाड. ओसोतो गारी म्हणजे बाहेरची टांग, ओउची गारी आतली. फरक एवढाच की तालमीत धरायला अंगावर कापडच नसतं. इथं कॉलर आणि बाही धरून माणूस हवा तसा फिरवता येतो.

ही ओळख फार जुनी आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. त्यांच्या गटात सुवर्ण घेतलं जपानच्या शोहाची इशीनं, आणि खाशाबा त्याच्याकडून हरले होते. हा इशी मूळचा ज्युदोवाला. महायुद्धानंतर जपानी शाळांमध्ये ज्युदोवर बंदी आली आणि तो कुस्तीकडे वळला. म्हणजे एक मातीतून आलेला, एक तातामीवरून आलेला, आणि गाठ पडली ती तिसऱ्याच गादीवर. 1948 मध्ये लंडनला खाशाबा सहावे आले होते, तेव्हा तर ती गादी त्यांना जवळपास परकीच होती. मातीच्या नावानं उसासे टाकणाऱ्या मंडळींना मी हे नेहमी ऐकवतो. महाराष्ट्र केसरीत आता माती विभाग आणि गादी विभाग वेगळे खेळवून दोन्हींतले विजेते अंतिम लढतीत भिडवतात. मला ही तोड शहाणपणाची वाटते. वासाचं म्हणाल, तर गादीला फिनेलचा येतो. त्याला इलाज नाही.

तायक्वांदोही करून बघितलं, पण पाय डोक्याएवढा उचलायला माझ्या मांड्यांनी साफ नकार दिला. मर्दानी खेळ शिकायचे राहूनच गेले, याची चुटपुट आहे. त्यांना ना हौद लागतो ना गादी. मिरवणुकीत चालत्या रस्त्यावर, खडीवर, अनवाणी खेळतात. नऊवारी कसलेली एखादी मुलगी लाठी फिरवायला लागली की गर्दी न सांगता मागं सरकते आणि रिंगण तयार होतं. आपली जमीन आपण तयार करायची, ही रीत बाकी कुणाकडे नाही. पुढच्या वेळी कोल्हापूरला गेलो की वस्ताद शोधणार आहे. या वयात लाठी नाही तर निदान पवित्रे तरी.

मध्यंतरी धाकट्या बहिणीनं विचारलं, "दादा, अथर्वला कशात घालू?" मी तिला माती, गादी, फरशी हे सगळं सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मातीचे कपडे कोण धुणार?" ज्युदोचा क्लास सोसायटीच्या समोरच होता आणि तिच्या ऑफिसातून यायच्या वेळेला सुटत होता, म्हणून ज्युदो ठरलं. आता तो दिवसभर सोफ्यावरून मागे पडतो आणि पडताना न चुकता चापट मारतो. हनुवटी अगदी छातीला असते, हे मी कौतुकानं सांगतो. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले, त्यांनाही सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.