हळिवाचं बेथलेहेम

आमच्या घरी नाताळ नव्हता, यात विशेष काही नाही. वाईत तो फारसा कुणाकडेच नव्हता. विशेष हे की आमच्याकडे गणपतीही नव्हता. बाबा सेवादलातले, त्यातून शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यामुळे देव्हारा नाही, सत्यनारायण नाही, श्रावणातले उपास नाहीत. दिवाळीचा फराळ मात्र आई दणकून करायची. त्यावर बाबांनी फार पूर्वीच निकाल देऊन टाकला होता: चकलीला धर्म नसतो. (घरात सगळ्यांत जास्त चकल्या तेच खायचे.)

डिसेंबरची २४ तारीख म्हणजे साने गुरुजींची जयंती. गुरुजींचा जन्म १८९९ सालचा, पालगडचा, हे मला माझ्या वाढदिवसाच्या आधी पाठ झालं असणार. संध्याकाळी सतरंज्या अंथरायच्या, प्रार्थना म्हणायची, एक लांबलचक भाषण ऐकायचं आणि शेवटी गूळ-शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी कसली, असं विचारलं की बाबा म्हणायचे, "न्यूटनचा वाढदिवस." इंग्लंडातल्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे ते खरंही आहे, २५ डिसेंबर १६४२. चौथीत बाईंनी नाताळची सुट्टी कशाबद्दल असते असं विचारलं, तेव्हा मी हात वर करून हेच उत्तर दिलं. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

तरी येशूची आणि माझी लहानपणी एकदा गाठ पडली होती, तीही देवळात. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे आणि घाटावरच्या एका छोट्या देवळीत भली मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा ती मराठ्यांबरोबर इकडे आली. बाबा देवळात जायचे नाहीत, पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही घंटा दाखवायला न्यायचेच. ती देवाची नव्हती ना, इतिहासाची होती.

पुढे मी लग्न केलं ते नेमकं वसईतल्या मुलाशी. वसईच्या उत्तर पट्ट्यातलं घर, केळी आणि पानवेलीची वाडी, घरात बोली कादोडी आणि रविवारी चर्चला मराठी मिस्सा, म्हणजे तिथली सामूहिक उपासना. लग्न रजिस्टर झालं, त्यामुळे बाबांची तक्रार नव्हती. दोन्ही घरांची पहिली भेट झाली तेव्हा काय बोलावं ते कुणालाच सुचेना. मग बाबांनी आपला हुकमी विषय काढला: चिमाजी अप्पा, वेढा, सुरुंग, सगळं. सासऱ्यांनी चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे सर, पण आमची घंटा कधी परत देताय?"

बाबांना वर्गात उलट प्रश्न ऐकायची सवय नव्हती. त्या दिवशी ते पहिल्यांदा गप्प बसलेले मी पाहिले.

लग्नानंतरचा पहिला डिसेंबर मात्र मला जड गेला. घरभर माणसं, सगळी कादोडीत बोलणारी, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जाणारं. एकीकडे कुलकुल, म्हणजे नाताळच्या फराळातले गोड शिंपले, वळायला बसलेल्या बायका. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, पुढे लोटायची, शिंपला तयार. माझ्या शिंपल्यांचे चिरडलेले किडे झाले. सणाच्या घरात वाढलेल्या माणसाला आपले हात कुठे ठेवायचे हे कळतं. मला ते कळेना, म्हणून मी कपबश्या विसळत राहिले. विसळलेल्याच पुन्हा विसळल्या. आनंदी दिसायचा प्रयत्न करून गाल दुखायला लागले. नवरा येता-जाता विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि मला वाटायचं, वाईला सतरंजीवर बसून गूळ-शेंगदाणे खाल्लेले बरे.

दुसऱ्या वर्षी पुतण्या गोठा करत होता. येशू जन्मला तो गोठा. नाताळात घरोघरी त्याचा देखावा मांडतात. खोक्यांवर बाजारात मिळणारा खडकाच्या छपाईचा कागद, वर थर्माकोलचं छप्पर आणि सगळीकडे कापसाचा बर्फ. मी नुसती उभी राहून बघत होते. कागद एका बाजूनं सटकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, डोंगर असा असतो का? माती आण."

इथे सांगायला हवं की आमच्या त्या कोरड्याठाक घरात एका गोष्टीला पूर्ण मोकळीक होती. दिवाळीतला किल्ला. शिवाजी महाराज देव नाहीत, असं बाबांचं स्पष्ट म्हणणं होतं, त्यामुळे किल्ल्याला ते स्वतः लुंगी खोचून बसायचे. विटांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्याला वरून कडे द्यायचे, बुरूज थापायचे, उतारावर हळीव पेरायचे. दिंडी दरवाजा वळणाआड हवा, तोफेचा गोळा थेट लागता कामा नये, यावरून आमची भांडणं व्हायची. एका वर्षी तर आम्ही वसईचाच किल्ला केला होता. तो भुईकोट, म्हणून आळीतल्या पोरांनी त्याला घर म्हणून हिणवलं. सगळं झालं की महाराज. ते शेवटपर्यंत कागदात गुंडाळलेले असायचे. वसुबारसेला संध्याकाळी गडावर जायचे.

पुतण्या माती घेऊन आला. वाडीतली ती वाळूमिश्रित सैल माती, कृष्णेच्या गाळासारखी धरत नाही. मी शेण मागवलं. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या, बोलल्या काही नाहीत. कापूस मी उचलून ठेवला. पुतण्या रडवेला झाला, म्हणून एका कड्यावर थोडा परत दिला. पुढे वाचलं की बेथलेहेम डोंगरात आहे, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर, म्हणजे जवळपास वाईच्याच उंचीचं, आणि तिथे कधीमधी बर्फ पडतोही. पोराचं बरोबर होतं. पण मेंढपाळांची वाट मी वळणाआडून काढली होती. बाळाला बघायला उंटांवरून आलेले तीन राजे उंटांपेक्षा उंच होते, ते मला मुळीच खटकलं नाही. आमच्याकडे तोफ मावळ्याहून लहान असायची.

गव्हाणी रिकामी होती. बाळ कुठे, विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "ते आत्ता कसं ठेवायचं? २४ च्या रात्री." बाळ कपाटात, लुगड्याच्या घडीत गुंडाळून ठेवलं होतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

माझी चूक हळिवाच्या हिशेबात झाली. हौसेनं मी १० तारखेलाच पेरून टाकले. दोन दिवसांत मोड, चौथ्या दिवशी हिरवळ, येणारा-जाणारा कौतुक करतोय. हळिवाला तेवढ्यावर थांबता येत नाही. २० तारखेपर्यंत मेंढ्या दिसेनाशा झाल्या, २३ ला मेंढपाळ गेले. २४ च्या संध्याकाळी बेथलेहेमात उंटाच्या तीन माना आणि वर तारा, एवढंच शिल्लक होतं. मिस्सेला निघायची वेळ झालेली. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून बाहेर आल्या, गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कात्री आण गं. भात कापायला आलाय." मग आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो. त्या कापत होत्या, मी खालून एकेक मेंढी शोधून काढत होते. एक सापडलीच नाही. हसून हसून त्यांचा गजरा सुटला.

मध्यरात्रीची मिस्सा आमच्याकडे साडेआठला सुरू होते. लाउडस्पीकरला रात्रीची बंदी असल्यामुळे मध्यरात्र आता फक्त नावात उरली आहे. चर्चच्या आवारात खुर्च्या, गारवा, ढोलकीच्या साथीनं मराठी नाताळगीतं. मी श्रद्धेनं जाते असं म्हणणार नाही. बाबांची मुलगी आहे. पण त्या वर्षी पहिल्यांदा गाल दुखले नाहीत. शेजारच्या बाईंनी सासूबाईंना उशीर का झाला म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कापणी चालली होती." तेवढ्यावर आम्ही दोघी पुन्हा सुटलो आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं.

आता हळीव मी १९ ला पेरते.

मागच्या वर्षी आई-बाबा नाताळला आले. येण्याआधी बाबांनी फोनवर सांगून ठेवलं, की ते २४ ची जयंती चुकवून येताहेत. आल्या आल्या त्यांनी चष्मा कपाळावर चढवून गोठ्याची पाहणी केली, कड्यात बोट खुपसलं, "शेण कमी पडलंय," म्हणाले. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला खरा बैल आणि गाढव आणून गोठा मांडला होता, हे सासऱ्यांनी सांगितलं. तेव्हा साल आणि गाव कळल्यामुळे बाबांचं बऱ्यापैकी समाधान झालेलं दिसलं. मिस्सेला आई उत्सुकतेनं आली. बाबा घरीच थांबले.

आम्ही परतलो तेव्हा ते झोपाळ्यावर पेंगत होते. सासूबाईंनी कपाटातून बाळ काढलं, सगळे गोठ्याभोवती जमले, पुतण्यानं दिवे लावले. हळिवावर पाणी मारलेलं होतं, अगदी बेतानं. आणि गोठ्याच्या दाराशी, मेंढपाळांच्या बरोबर पुढे, ढाल-तलवार घेतलेला एक मावळा उभा होता. आमच्या किल्ल्यावरचा, डाव्या पायाचा टवका उडालेला. वाईहून येताना त्यांनी तो पिशवीतून आणला असणार.

कुणीच काही बोललं नाही. सासऱ्यांनी खाली वाकून नीट पाहिलं, मावळ्याला दोन बोटांनी उचलून बाळाच्या वाटेतून जरासा बाजूला, पण दाराशीच ठेवलं.

"सर," ते झोपाळ्याकडे वळून म्हणाले, "घंटा मागितली होती. शिपाई कशाला पाठवलात?"