बनवाबनवीतल्या ‘रिकाम्या’ जागा

२००७ ची गोष्ट. मी तेव्हा अंधेरीत एका छोट्या स्टुडिओत व्हीसीडी-डीव्हीडी ऑथरिंग करायचे, म्हणजे बीटाकॅम टेपवरून पिक्चर कॉम्प्युटरवर घ्यायचा, डिस्कवर बसेल अशा स्वरूपात बदलायचा (एन्कोड) आणि प्रेसिंगसाठी, म्हणजे त्यावरून डिस्क छापण्यासाठी, मास्टर बनवून द्यायची. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली आणि सगळ्या धंद्याचं गणितच बदललं. जे लोक आरामात तीन डिस्कचा सेट विकायचे त्यांना एकेका डिस्कचा खर्च जड व्हायला लागला.

अशात एका पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाईकाकडून, आमच्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’ आला. सेट दोन डिस्कचाच पाहिजे, वर दोन्ही डिस्कच्या सुरुवातीला त्यांच्या बाकीच्या पिक्चरचे ट्रेलर आणि जाहिराती पण पाहिजेत. आता व्हीसीडीच्या एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं बसतात, पिक्चर दोन डिस्कवर जेमतेम बसत होता, ट्रेलर टाकले की बाहेर सांडायला लागला. आमचे सर म्हणाले, गाणी कापली तर लोक ओरडतील, तू असं कर, ते चौघं नुसते एकमेकांकडे बघत उभे असतात ना त्या जागा थोड्या थोड्या छाट, कोणाला कळणार पण नाही.

आणि त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता हे पण सांगायला हवं. ते म्हणाले, अगं थिएटरमध्ये हजार माणसं हसतात, त्या हशात पुढचं वाक्य बुडू नये म्हणून ती जागा सोडलेली असते, घरी चार माणसं बघणार त्यांना कशाला पाहिजे. ही नाटकाची सवय आहे हे खरंच आहे, अशोकमामा काय लक्ष्या काय, दोघंही रंगभूमीवर तयार झालेले आणि संवाद वसंत सबनीसांचे, ज्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं. प्रेक्षकाला हसायला वेळ द्यायचा असतो हे या लोकांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण मला ते पटेना. मी सरांना म्हटलं, सर, गोष्ट तर आपली नाहीच आहे, १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी ‘बीवी और मकान’ केला त्याचा हा रीमेक. भाड्याने जागा फक्त जोडप्यांना मिळते म्हणून मित्रांनी बायका बनायचं, हे सगळं तिथे आहेच. मग १९८८ मध्ये आपल्या लोकांनी यात काय घातलं? बोलणं घातलं आणि हे थांबणं घातलं. अशोकमामाच्या धनंजय मानेला पुढची थाप सुचेपर्यंत जो वेळ जातो ना, त्या वेळात तो खरा दिसतो. ते काढलं तर खाली जुनी गोष्ट तेवढी उरते. आणि लक्ष्या २००४ मध्येच गेला, त्याचं काही कापून कायमचं गेलं तर परत कुठून आणणार?

सर म्हणाले, वाद नको, करून दाखव. पार्टीचे गृहस्थ दुपारी येणार होते. मी घरमालकीण लीलाबाई काळभोरांसमोर जोडीजोडीनं उभं राहायची वेळ येते त्या भागातल्या थांबायच्या जागा कापून एक फाइल बनवली, दुसरी जशीच्या तशी. मोठ्या टीव्हीवर लावलं, ऑफिसातले सगळे जमले, अकाउंट्सच्या काकू, चहावाले मामा, आमचा डिलिव्हरीचा मुलगा जो नुकताच बिहारहून आला होता आणि मराठी जेमतेम समजायचं.

कापलेली फाइल आधी लावली. लोक हसले, नाही असं नाही, पण वाक्य झालं की हसायचे आणि लगेच पुढचं वाक्य अंगावर यायचं त्यामुळे हसू तिथेच बंद. मग पूर्ण फाइल लावली. पार्वती झालेला लक्ष्या पदर सावरत उभा, सुधा झालेला सचिन खाली बघतोय, अशोकमामा गप्प, आणि कोणी काही बोलायच्या आधीच तो बिहारचा मुलगा फुटला, मग काकू, मग सगळेच. त्याला भाषेची गरजच नव्हती, तो त्या न बोललेल्या जागेवर हसत होता. पार्टीचे गृहस्थ स्वतः डोळे पुसत होते. ते हसू थांबल्यावर एवढंच म्हणाले की दुसऱ्या डिस्कवरचे ट्रेलर काढा आणि पहिल्यावर एकच ठेवा.

मग राहिला प्रश्न पहिली डिस्क कुठे संपवायची. ७४ मिनिटांच्या आत जिथे जागा मिळेल तिथे तोडायची पद्धत होती, अर्ध्या सीनमध्ये काळी स्क्रीन, माणूस उठून डिस्क बदलणार आणि तोपर्यंत सगळा रंग गेलेला. मी तिथे चालू असलेला सीन नीट संपू दिला, हसणं ओसरू दिलं आणि मगच तोडलं. त्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं पण त्या कामाचा मला अजून अभिमान वाटतो.

सगळ्याच पिक्चरना असं कोणी भांडायला नव्हतं. त्या स्वस्ताईच्या काळात किती विनोदी सिनेमांची अशी छाटाछाट झाली असेल, घाईघाईत, कुठे नोंद न ठेवता. म्हणून घरात जुने तीन डिस्कचे सेट किंवा व्हीएचएस कॅसेट पडल्या असतील तर भंगारात देऊ नका, डिस्क अजून चालत असतील तोवर कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा.