रोममध्ये पासपोर्ट चोरीला गेला तेव्हा

एकटीने परदेशी निघालेल्या बाईला सुरक्षिततेचे जे सल्ले मिळतात ते बहुतेक माणसांपासून जपून राहण्याचे असतात. रात्री उशिरा फिरू नकोस, अनोळखी माणसाने दिलेले काही खाऊ नकोस, कोणावर चटकन विश्वास टाकू नकोस. हे सल्ले खोटे नाहीत. पण इटलीत मला जे निस्तरावे लागले त्यात त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. दोघे बरोबर असले की एकाची कागदपत्रे गेली तरी दुसऱ्याची असतात आणि ही अमुक अमुक आहे असे सांगणारे एक माणूस तरी शेजारी उभे असते. एकटीने प्रवास करणारी बाई कोण, हे मात्र तिच्या पिशवीतल्या कागदांखेरीज त्या देशात कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पिशवीच गेली तर मी कोण हे कशाच्या आधारे दाखवणार, हा एकच प्रश्न समोर ठेवून मी तयारी केली होती.

पासपोर्टचे पहिले आणि पत्ता असलेले शेवटचे पान, शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) पान, विम्याची पॉलिसी आणि परतीचे तिकीट यांच्या झेरॉक्सचा एक संच बॅगेच्या तळाशी, दुसरा पुण्यात धाकट्या भावाकडे आणि तिसरा ईमेलमध्ये ठेवला होता. ईमेलवर मी फार विसंबले नाही, कारण परक्या संगणकावरून ते उघडायला गेले की ओटीपी मागितला जातो आणि फोनही गेलेला असेल तर तो ओटीपी येणार कुठे? त्याच कारणाने माझे भारतातले सिमकार्ड रोमिंग चालू करून एका जुन्या फोनमध्ये घातले, तो फोन खोलीवर ठेवला आणि फिरताना दुसरा वापरला. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे घेतली. त्यांतले एक कधीच बाहेर नेले नाही. २०२० पासून आपल्याकडची नवी कार्डे परदेशातील व्यवहारांसाठी आपणहून चालू करावी लागतात. ते करतानाच ॲपमध्ये रोजच्या खर्चाची मर्यादा अगदी कमी ठेवली. युरोपात छोट्या रकमांसाठी कार्ड नुसते टेकवले तरी चालते, पिन विचारत नाहीत, त्यामुळे चोराला ते वापरणे सोपे जाते.

राहण्यासाठी रोममधल्या एका कॉन्व्हेंटचे अतिथिगृह निवडले. त्या शहरात ननांच्या अनेक मठांत प्रवाशांना खोल्या मिळतात. त्या साध्या आणि स्वच्छ असतात, आणि पुष्कळ ठिकाणी रात्री ठरलेल्या वेळी मुख्य दार बंद होते. हे बंधन पुष्कळांना जाचते. मला मात्र, मी परतले की नाही हे पाहणारे कोणीतरी दाराशी आहे, याचाच आधार वाटला. आल्या दिवशी तिथल्या सिस्टरनी पासपोर्ट स्कॅन करून घेतला होता, कारण इटलीत उतरलेल्या पाहुण्यांची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे प्रत्येक निवासस्थानाला बंधनकारक आहे. ही नोंद पुढे माझ्याच कामी आली.

कोलोसियमची तिकिटे २०२३ पासून नावानिशी दिली जातात आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र पाहतात, म्हणून त्या दिवशी पासपोर्ट बरोबर होता. परतताना खच्चून भरलेल्या बसमध्ये कोणीतरी माझ्या पिशवीची चेन उघडून आतला बटवा काढून घेतला. त्यात पासपोर्ट, एक कार्ड आणि थोडे युरो होते. उतरून पिशवी चाचपली तेव्हा तोंडचे पाणी पळाले.

रस्त्यात उभी राहून फोनवर बोलण्याऐवजी मी समोरच्या औषधांच्या दुकानात शिरले. रोममध्ये हिरव्या क्रॉसची पाटी कुठूनही दिसते, आत उजेड असतो, माणसे असतात आणि काउंटरमागच्या व्यक्तीला बहुधा थोडेफार इंग्रजी येते. तिथेच एका कोपऱ्यात उभे राहून ॲपवरून कार्ड बंद केले आणि बँकेला ईमेल पाठवला, म्हणजे मी केव्हा कळवले याची लेखी नोंद राहिली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा त्रयस्थाच्या गैरव्यवहारात ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत तक्रार केली तर त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. त्यामुळे ही वेळ कागदावर असणे महत्त्वाचे ठरते. ११२ हा तिथला आपत्कालीन क्रमांक मला पाठ होता, पण जिवाला धोका नव्हता आणि तक्रार लेखी हवी होती, म्हणून तो फिरवला नाही.

मी दुकानाबाहेर येताच एक गृहस्थ जवळ आले आणि चोरी करणाऱ्या मुलांना मी ओळखतो, बरोबर चला, असे इंग्रजीत सांगू लागले. ते खरोखरीच भले असतीलही. परंतु चोरीनंतरचा तासभर माणूस इतका गांगरलेला असतो की दुसऱ्यांदा नाडला जाण्याची भीती तेव्हाच सर्वांत जास्त असते, असे माझे मत आहे; साध्या कपड्यांत येऊन पोलीस असल्याचे सांगत पाकीट तपासायला मागणारे भामटेही युरोपातल्या मोठ्या शहरांत आढळतात. त्या दिवसापुरता मी स्वतःला नियम घालून घेतला, की काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाशीच बोलायचे. आधी खोलीवर जाऊन झेरॉक्सचा संच घेतला. सिस्टरनी पोलिसांना पाठवलेल्या माझ्या नोंदीची प्रत छापून दिली आणि काराबिनिएरी या तिथल्या पोलीस दलाचे जवळचे ठाणे नकाशावर दाखवले.

ठाण्यात बराच वेळ बाकावर बसावे लागले. आत घेतल्यावर अधिकाऱ्याने चोरी झाली की पासपोर्ट हरवला, हे सर्वांत आधी विचारले. चोर मी पाहिला नव्हता. बसमध्ये चढताना चेन लावलेली होती आणि उतरल्यावर उघडी होती, एवढेच मी सांगितले आणि त्यावरून त्यांनी चोरी अशी नोंद केली. झेरॉक्स समोर असल्यामुळे पासपोर्ट क्रमांक आणि देण्याची तारीख त्यांनी पाहून टंकली. छापलेला कागद सहीसाठी पुढे आला तेव्हा माझे आडनाव नावाच्या रकान्यात आणि माझे व वडिलांचे नाव मिळून आडनावाच्या रकान्यात पडलेले दिसले. आपली तीनपदरी नावे तिथल्या दोन रकान्यांत नीट बसत नाहीत. पुढची प्रत्येक कचेरी हाच कागद पाहणार होती, म्हणून सही करण्यापूर्वी मी रकान्यांवर बोट ठेवून चूक दाखवली. त्यांनी कुरकुर न करता पुन्हा छापून शिक्का मारून दिला. त्याच्या प्रती मी लगेच काढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भारतीय दूतावासात गेले. तो वीया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावर आहे. तिथे दोन वाटा समजल्या: नवा पासपोर्ट मागायचा, म्हणजे भारतातून पडताळणी होईपर्यंत रोममध्येच थांबायचे, किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यायचे, जे फक्त भारतात परतण्याच्या एकेरी प्रवासासाठी चालते. माझा व्हिसा पासपोर्टबरोबरच गेला होता आणि सुट्टीही संपत आली होती, त्यामुळे मी दुसरी वाट धरली. ऑनलाइन अर्जाचा छापील कागद, पोलिसांचा कागद, झेरॉक्स, तिकीट आणि बरोबर नेलेले फोटो एवढे दिल्यावर खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यांनी आईवडिलांची पूर्ण नावे, कायमचा पत्ता आणि त्या पत्त्याचे पोलीस ठाणे विचारले. “मॅडम, भारत में किससे बात हो सकती है?” असे त्यांनी विचारले तेव्हा भावाचा क्रमांक दिला, त्याला मी पहाटेच उठवून कागद समोर घेऊन बसायला सांगितले होते. ज्यांच्याकडे परतीच्या तिकिटाचेही पैसे उरलेले नसतात अशांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीची सोय आहे, हेही मी वाचून गेले होते. माझ्यावर ती वेळ आली नाही, कारण खोलीवरचे कार्ड चालू होते.

मधल्या दिवसांत फ्लोरेन्सचा बेत मी रद्द केला. देशातल्या देशात रेल्वेने जाता आले असते, पण नव्या हॉटेलात उतरताना ओळखपत्र मागणार, आणि मला ओळखणारी एकमेव जागा सोडून जाण्यात मला शहाणपण दिसत नव्हते. पोलिसांच्या कागदाची प्रत बरोबर ठेवून दिवसा फिरत होते आणि पैसे बँकेच्या आतल्या यंत्रातूनच काढत होते.

परतीच्या वाटेवर आखाती देशात विमान बदलायचे होते. इमर्जन्सी सर्टिफिकेटवर तिथून पुढे जाता येईल का, हे विमान कंपनीला ईमेलने विचारले आणि होकाराचे उत्तर छापून घेतले. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर काउंटरवरच्या तरुणीने पर्यवेक्षकाला बोलावले, त्यांनी ते उत्तर वाचले आणि बोर्डिंग पास मिळाला. तपासणीच्या खिडकीवर पोलिसांचा कागद, व्हिसाची झेरॉक्स आणि येतानाच्या बोर्डिंग पासचा जपून ठेवलेला तुकडा पाहण्यात आला. प्रवेशाचा शिक्का पासपोर्टबरोबर गेलेला असल्यामुळे मी मुदतीतच आले होते हे दाखवायला तो तुकडाच उपयोगी पडला. मुंबईत मला बाजूच्या टेबलावर बसवून प्रश्न विचारले आणि सर्टिफिकेट ठेवून घेतले; झेरॉक्स माझ्याकडे होतीच.

पुण्यात आल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला. चोरीला गेलेल्या पासपोर्टच्या बदल्यात ३६ पानी पासपोर्ट घ्यायला साध्या पद्धतीने ३,००० रुपये शुल्क पडते, एरवीच्या नूतनीकरणाच्या दुप्पट, आणि पासपोर्ट कसा व कुठे गेला याचे जोडपत्र ‘एफ’ लिहून द्यावे लागते. इटालियन कागदाचे इंग्रजी भाषांतर मी अर्जाबरोबर जोडले. तेच भाषांतर विमा कंपनीलाही लागले. कंपनीने दूतावासातले शुल्क भरून दिले, पण चोरीला गेलेले रोख युरो पॉलिसीत बसत नव्हते. जुन्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचाही चालू व्हिसा होता. तो पासपोर्ट चोरीला गेल्याचे त्या वकिलातीला कळवले आहे. पुन्हा जायचे झाल्यास नवीन अर्ज करावा लागेल.