ताळा करून बघ

शुक्रवार, रात्र

परीक्षा जवळ आली की माझ्या फोनवर वहीच्या पानांचे फोटो यायला लागतात. आज जेवणं आटोपेपर्यंत ढीग झाला होता. तिरका फोटो, अर्धवट सोडवलेलं उदाहरण आणि खाली एक ओळ, "मॅडम, एवढं सोडवून द्या ना." बहुतेकांची एम-टू ची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या गणिताच्या पेपरची, बॅक राहिलेली. कोणी कॉलेज रोडला खोली करून राहतं, कोणी पिंपळगाव-निफाडकडून रोज एसटीने येतं. डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणारं समीकरण, म्हटलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच: हे कुठल्या टाइपचं? व्हेरिएबल सेपरेबल, होमोजिनियस, एक्झॅक्ट, लिनियर, बर्नुली. टाइप सापडला तर पुढच्या पायऱ्या पाठ आहेत, नाही सापडला तर पान कोरं.

मी सोडवून पाठवत नाही. मुलं नाराज होतात, परीक्षेच्या तोंडावर होणारच. पण आयतं उत्तर त्या रात्रीपुरतं पुरतं. त्याऐवजी मी त्यांच्या हातात ताळा देते, कारण या विषयाइतका सोपा ताळा गणितात फार कमी ठिकाणी मिळतो. इंटिग्रेशन करताना दहा युक्त्या लागतात. त्याची उलटी क्रिया, आलेल्या उत्तराचं डिफरन्शिएशन, मात्र कोणालाही जमते. उत्तर मूळ समीकरणात घालायचं, दोन्ही बाजू जुळल्या की झालं.

आजचंच घ्या. उदाहरण होतं: डीवाय बाय डीएक्स अधिक वाय बरोबर एक्स. मुलाने इंटिग्रेटिंग फॅक्टर, म्हणजे समीकरणाला ज्याने गुणायचं तो, बरोबर काढला, ई रेज टू एक्स. बाय पार्ट्सही चोख केलं. शेवटी ई रेज टू एक्सने भागलं, पण सी ला, म्हणजे इंटिग्रेशनच्या स्थिरांकाला, भागायचं राहिलं. उत्तर लिहिलं, वाय बरोबर एक्स वजा एक अधिक सी, आणि विचारलं, "बरोबर आहे का?" मी एवढंच लिहिलं, "घालून बघ." थोड्या वेळाने त्याचा निरोप आला: डावीकडे एक्स अधिक सी येतंय, उजवीकडे नुसता एक्स. त्याच्यापाठोपाठ दुसरा, "मॅडम, सापडलं! सी ला ई रेज टू मायनस एक्स लागणार." त्या उद्गारचिन्हाने मला फार बरं वाटलं.

पंचवटीतल्या मुलीचं दुखणं उलटं. तिचं उत्तर बरोबर होतं तरी तिने पान खोडलं होतं, पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळेना म्हणून. पुस्तकात वाय बरोबर ए गुणिले ई रेज टू एक्स, हिच्याकडे लॉग वाय बरोबर एक्स अधिक सी. वाय धन असेल तर दोन्ही एकच, फक्त ए म्हणजे ई रेज टू सी. छापलेल्या उत्तरावर एवढा विश्वास आणि स्वतःच्या पायऱ्यांवर इतका कमी, याचं मला खरंच वाईट वाटतं. भागाकाराचा ताळा आपण चौथीत शिकवतो. इंजिनिअरिंगला येईपर्यंत ती सवय कुठे जाते?

दुपारी पिंपळगावचा मुलगा घरीच आला होता. घरची द्राक्षबाग. त्याला समीकरण मांडताच येईना, म्हणून पुस्तक मिटायला सांगितलं आणि त्यांच्या ड्रिपच्या खताच्या टाकीचं विचारलं. समज, साठ लिटरची टाकी, त्यात पाच किलो १९:१९:१९ खत विरघळवलंय. मिनिटाला सहा लिटर पाणी आत येतंय आणि तेवढंच खताचं पाणी लाइनला जातंय. दहा मिनिटांत टाकीइतकं पाणी गेलं, म्हणजे खत संपलं का?

"छे, नाना चाळीस मिनिटं तरी चालू ठेवतात."

का ठेवतात? तो बराच वेळ गप्प होता. मी बोलले नाही, हे गप्प बसणं शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. मग म्हणाला, आत नवं पाणी मिसळत राहतं, त्यामुळे दर मिनिटाला जातं ते त्या क्षणी टाकीत उरलेल्या खताच्या दहाव्या भागाच्या हिशोबाने; खत कमी झालं की जाणंही कमी. हेच तर समीकरण! त्याने स्वतः लिहिलं: डीए बाय डीटी बरोबर उणे ए भागिले दहा (इथे ए म्हणजे टाकीत उरलेलं खत, टी म्हणजे मिनिटं). सोडवलं, सुरुवातीचे पाच किलो घालून सी काढला. दहा मिनिटांनी टाकीत अजून १.८४ किलो, वीस मिनिटांनी ०.६८, चाळीस मिनिटांनी साधारण ९२ ग्रॅम. "नानांचं बरोबरच आहे की!" नंतर न सांगता त्याने उत्तराचं डिफरन्शिएशन करून ताळा घेतला. टाइप कुठला हे त्याने एकदाही विचारलं नाही.

मदत मागण्यात कमीपणा नाही, हेही मी त्यांना सांगते. आज ज्याला बर्नुलीचं समीकरण म्हणतात, ते याकोब बर्नुलीने १६९५ साली इतर गणितज्ञांपुढे प्रश्न म्हणूनच ठेवलं होतं. पुढच्या वर्षी लायब्निट्झने दाखवलं की योग्य चल बदलला तर ते लिनियर, म्हणजे पहिल्याच घाताचं, होतं.

उद्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावलंय. प्रत्येकाने एक सोडवलेलं उदाहरण आणायचं, ताळा शेजारच्याने करायचा. सुरुवात बर्नुलीपासूनच करेन. वाय च्या घाताने भागल्यावर नवा चल कुठला धरायचा, तिथे बहुतेकांचा हात अडतो.